यांत्रिक घड्याळाला चावी देणे व वेळ लावणे

यांत्रिक घड्याळाला चावी देणे म्हणजे मनगटी किंवा खिशातील घड्याळाच्या कडेला असलेली चावी फिरवून आतील मुख्य कमान गुंडाळणे व त्यायोगे घड्याळ चालण्यासाठी लागणारी ऊर्जा साठवणे होय. हीच चावी बाहेर ओढून काटे हव्या त्या वेळेवर आणणे याला वेळ लावणे असे म्हणतात. विजेरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळात ऊर्जा विजेरीतून मिळते. यांत्रिक घड्याळात मात्र ती वापरणाऱ्याच्या बोटांतून किंवा मनगटाच्या हालचालीतून मिळते. त्यामुळे घड्याळाचे आयुष्य व अचूकता बऱ्याच अंशी ते वापरणाऱ्याच्या सवयींवर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत लग्नात, नोकरी लागल्यावर किंवा सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेली यांत्रिक घड्याळे जपून ठेवलेली आढळतात. त्यांपैकी बरीच घड्याळे एचएमटी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची आहेत. या कंपनीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला असल्यामुळे या घड्याळांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ होत आहेत. चुकीच्या हाताळणीने मोडलेला भाग पूर्वी सहज बदलता येत असे. आता तो मिळेलच अशी खात्री देता येत नाही. या कारणाने चावी देण्याची व वेळ लावण्याची योग्य पद्धत माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

## शब्द

मराठीत या क्रियेला ‘चावी देणे’ किंवा ‘किल्ली देणे’ असे म्हणतात. चावी हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. कुलूप उघडण्याच्या साधनाचे नाव घड्याळाच्या बोंडाला मिळण्याचे कारण घड्याळांच्या जुन्या रचनेत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खिशातील घड्याळांना खरोखरच वेगळी, सुटी चावी असे. ती मागील बाजूच्या छिद्रात घालून कमान गुंडाळावी लागे. भिंतीवरील लंबकाच्या घड्याळांना अशी सुटी चावी आजही लागते. मनगटी घड्याळातील सुटी चावी गेली, तरी शब्द टिकून राहिला. एखाद्याला चिथावणे या अर्थीही बोलीभाषेत ‘चावी देणे’ किंवा ‘चावी मारणे’ असा प्रयोग केला जातो.

## इतिहास

कमानीच्या शक्तीवर चालणारी, सोबत बाळगता येणारी घड्याळे सोळाव्या शतकात युरोपात तयार होऊ लागली. त्यांची वेळ फारशी अचूक नसे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७५ मध्ये सर्पिल केशकमानीचा उपयोग जाहीर केल्यानंतर अचूकतेत मोठी सुधारणा झाली. फ्रेंच घड्याळजी आद्रियें फिलिप यांनी १८४० च्या दशकात सुट्या चावीशिवाय चालणारी रचना विकसित केली. तीत एकाच बोंडाने कमान गुंडाळता येई व काटेही फिरवता येत. आजच्या मनगटी घड्याळातील रचना मूलतः हीच आहे.

मनगटाच्या हालचालीने आपोआप कमान गुंडाळणारी स्वयंचलित मनगटी घड्याळे १९२० च्या दशकात बाजारात आली. ब्रिटिश घड्याळजी जॉन हारवूड यांचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. रोलेक्स कंपनीने १९३१ मध्ये पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या वजनाची रचना आणली. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्यानंतरच्या दोन दशकांत रोज चावी देण्याची सवय हळूहळू मागे पडली.

## रचना व कार्य

चावीमागील प्रत्येक हालचाल कोणत्या भागावर परिणाम करते हे समजल्यास काळजीचे बहुतेक नियम आपोआप स्पष्ट होतात.

मुख्य कमान ही पोलादाची किंवा विशेष मिश्रधातूची लांब, पातळ पट्टी असते. ती एका गोल डबीत बसवलेली असते. चावी फिरवली की तिच्या दांडीवरील चाके डबीच्या मधल्या आसाला फिरवतात व पट्टी आसाभोवती घट्ट गुंडाळली जाते. एक लहान खिटी दातेरी चाकात अडकून कमानीला उलट सुटू देत नाही. चावी देताना ऐकू येणारा ‘कर्र कर्र’ आवाज या खिटीचा असतो. गुंडाळलेली कमान उलगडू पाहते तेव्हा डबी सावकाश फिरते व दातेरी चाकांच्या मालिकेतून शक्ती पुढे जाते.

मालिकेच्या शेवटी एस्केपमेंट नावाची यंत्रणा असते. ती शक्तीला एकदम सुटू न देता ठरावीक अंतराने थोडी थोडी सोडते. हे अंतर बॅलन्स चक्र व त्याला जोडलेली केसासारखी बारीक केशकमान ठरवतात. ताशी १८,००० ठोके देणाऱ्या घड्याळात दर सेकंदाला ५ ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटींहून अधिक. इतक्या वेळा घासल्या जाणाऱ्या आसांची झीज कमी व्हावी म्हणून ते कृत्रिम माणकाच्या छिद्रांत बसवलेले असतात. तबकडीवर लिहिलेला ‘१७ ज्वेल्स’ हा उल्लेख या माणकांचा असतो. माणके व आस यांच्यामध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब असतो. तो सुकला की घर्षण वाढते.

काट्यांची चाके मुख्य मालिकेला घट्ट जोडलेली नसतात. मिनिटकाट्याची नळी मधल्या आसावर घर्षणाने पकडून बसते. त्यामुळे घड्याळ चालू असतानाही, आतील मालिकेला धक्का न लावता काटे फिरवता येतात. ही पकड सैल झाली, तर घड्याळ आतून चालत राहते, परंतु काटे मागे पडतात.

## चावी देण्याची पद्धत

चावी देण्यापूर्वी घड्याळ मनगटावरून काढावे. मनगटावर असताना चावी फिरवली, तर बोट तिच्याखाली नीट जात नाही व चावी तिरकी ओढली जाते. या तिरक्या ताणाने चावीची बारीक दांडी कालांतराने वाकते व तिच्याभोवतीचे छिद्र रुंदावते. रुंदावलेल्या छिद्रातून धूळ व ओलावा आत शिरतो.

घड्याळ एका हातात तबकडी समोर येईल असे धरावे. दुसऱ्या हाताच्या अंगठा व तर्जनीने चावी पकडून ती अशी फिरवावी, की तिची तबकडीकडील बाजू ६ च्या अंकाकडून १२ च्या अंकाकडे सरकेल. उलट दिशेने फिरवल्यास बहुतेक घड्याळांत चावी नुसतीच फिरते. कमान गुंडाळली जात नाही व अपायही होत नाही. म्हणून चावी न सोडता बोटे पुढे-मागे करीत चावी देता येते. हालचाल सावकाश व एकसारखी असावी. झटके देऊ नयेत.

हाताने चावी देण्याच्या सामान्य घड्याळाला पूर्ण भरण्यासाठी साधारणपणे २५ ते ४० पूर्ण फेरे लागतात. फेरे मोजण्यापेक्षा बोटांना होणारा विरोध ओळखणे अधिक विश्वसनीय असते. कमान भरत आली की विरोध हळूहळू वाढतो आणि शेवटी चावी स्पष्टपणे थांबते. तेथे थांबावे. त्यापुढे आणखी एक फेरा देण्याचा प्रयत्न करू नये.

पूर्ण भरलेले साधे घड्याळ बहुधा ३६ ते ४५ तास चालते. तरीही चोवीस तासांतून एकदा, ठरावीक वेळी चावी द्यावी असा संकेत आहे. कमान उलगडत जाते तशी तिची शक्ती कमी होते, बॅलन्स चक्राचे झोके लहान होतात व घड्याळाची गती थोडी बदलते. रोज एकाच वेळी चावी दिल्यास घड्याळ कमानीच्या भरलेल्या अवस्थेतच राहते व दररोजची चूक जवळपास सारखी राहते. सकाळी चावी देणे अधिक सोयीचे मानले जाते, कारण दिवसभराच्या हालचालीत व धक्क्यांत घड्याळाला पूर्ण शक्ती मिळते.

### ‘जास्त चावी’बद्दलचा समज

‘जास्त चावी दिल्यामुळे घड्याळ बंद पडले’ हे विधान सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात कमान पूर्ण भरणे हीच घड्याळाची अपेक्षित अवस्था असते. केवळ पूर्ण भरल्यामुळे निरोगी घड्याळ थांबत नाही. पूर्ण चावी देऊनही घड्याळ चालत नसेल, तर बहुधा तेल सुकलेले असते, चाकांत मळ अडकलेला असतो किंवा एखादा आस मोडलेला असतो. बंद पडलेल्या घड्याळाची कमान भरलेली दिसते, म्हणून दोष चावीवर येतो.

या समजामुळे अनेक जण भीतीने अर्धीच चावी देतात. तसे केल्याने घड्याळ कमजोर शक्तीवर चालते, मागे पडते व मध्येच थांबते. खरा धोका निराळा आहे: चावी थांबल्यानंतरही जोर लावल्यास कमानीचे टोक, खिटी किंवा दांडी तुटू शकते. जुन्या पोलादी कमानी धातूच्या थकव्याने कधी कधी आपोआपही तुटतात. कमान तुटल्याची खूण म्हणजे चावी कितीही फिरवली तरी विरोध जाणवत नाही.

## वेळ लावणे

चावी बाहेर ओढताना नख किंवा बोटाचे टोक तिच्याखाली घालून ती सरळ रेषेत ओढावी. चिमटा किंवा पक्कड वापरू नये. साध्या घड्याळात बाहेरची एकच पायरी असते. तारखेच्या घड्याळांत बहुधा दोन पायऱ्या असतात: पहिल्या पायरीवर तारीख बदलते, दुसऱ्या पायरीवर काटे फिरतात.

काटे शक्यतो पुढच्या दिशेने फिरवावेत. तारीख नसलेल्या साध्या घड्याळात काही मिनिटे मागे फिरवण्याने सहसा अपाय होत नाही. तारीख असलेल्या घड्याळात मात्र मध्यरात्रीच्या आसपास काटे मागे नेणे टाळावे. चाकांच्या दातांत थोडी मोकळीक असल्याने चावी आत दाबताना मिनिटकाटा किंचित हलू शकतो. म्हणून शेवटची हालचाल सावकाश करावी व चावी बंद केल्यावर काटा जागेवर आहे हे पाहावे.

काही घड्याळांत चावी ओढताच सेकंदकाटा थांबतो. अशा घड्याळात सेकंदकाटा १२ वर येताच चावी ओढावी, मिनिटकाटा येणाऱ्या मिनिटाच्या रेषेवर नेमका ठेवावा व अचूक वेळेचा संकेत मिळताच चावी दाबावी. ज्या घड्याळांत सेकंदकाटा थांबत नाही, त्यांत काटे उलट दिशेने दाबून धरून तो अडवण्याची युक्ती काही जण वापरतात. या युक्तीने मिनिटकाट्याच्या नळीवर व चाकांच्या मालिकेवर अनावश्यक ताण येतो.

काम झाल्यावर चावी पूर्ण आत दाबणे अत्यावश्यक आहे. अर्धवट बाहेर राहिलेली चावी ओलावा आत जाण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. आट्यांची चावी असलेल्या घड्याळात ती प्रथम सोडवून मगच फिरवावी लागते व शेवटी दाबून पुन्हा आवळावी लागते.

## तारीख व वार बदलणे

वापरणाऱ्याच्या हातून होणारे सर्वांत गंभीर नुकसान बहुधा तारीख बदलताना होते. तारखेचे कडे मध्यरात्री एकदम उडी मारताना दिसले, तरी अनेक घड्याळांत त्याची तयारी काही तास आधी सुरू होते. रात्री सुमारे ९ पासून पहाटे ३ पर्यंत तारीख ढकलणारे बोट कड्याच्या दातांत गुंतलेले असते. याच काळात चावीच्या पहिल्या पायरीवरून तारीख बदलली, तर दोन यंत्रणा एकाच कड्याला ढकलतात आणि बोट किंवा दात मोडतो.

सुरक्षित पद्धत पुढीलप्रमाणे आहे:

१. चावी काट्यांच्या पायरीवर ओढून काटे पुढे फिरवावेत व तारीख कोणत्या क्षणी बदलते ते पाहावे. तो क्षण मध्यरात्रीचा असतो. त्यावरून घड्याळ सकाळचे बारा दाखवते की रात्रीचे, हे समजते.
२. काटे आणखी पुढे नेऊन सकाळी ६ वर आणावेत. या स्थितीत तारखेची यंत्रणा मोकळी असते.
३. चावी पहिल्या पायरीवर आणून कालची तारीख व कालचा वार लावावा.
४. चावी पुन्हा काट्यांच्या पायरीवर ओढून काटे पुढे फिरवावेत. मध्यरात्र ओलांडली की आजची तारीख येते. दुपारनंतरची वेळ लावायची असल्यास दुपारचे बारा ओलांडून पुढे जावे.

साध्या तारखेचे कडे प्रत्येक महिना ३१ दिवसांचा मानते. त्यामुळे वर्षातून पाच वेळा, म्हणजे १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर व १ डिसेंबर या दिवशी, तारीख हाताने दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती सकाळी किंवा दुपारी करावी. झोपण्यापूर्वी करू नये.

भारतात विकल्या गेलेल्या अनेक घड्याळांच्या वारचक्रावर इंग्रजी व हिंदी नावे एकाआड एक छापलेली असतात. वार लावताना हवी ती भाषा निवडली, की पुढे रात्री चक्र दोन घरे सरकते व तीच भाषा कायम राहते.

## स्वयंचलित घड्याळे

स्वयंचलित घड्याळात अर्धवर्तुळाकार वजन मनगटाच्या हालचालीने फिरते व कमान गुंडाळते. कमानीचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला पक्के जोडलेले नसून घर्षणाने टेकलेले असते. कमान भरली की हे टोक घसरते. म्हणून अशा घड्याळात चावी ‘थांबत’ नाही व कमान मर्यादेबाहेर ताणली जात नाही.

दिवसभर वापरल्यास हे घड्याळ रात्रभर चालण्याइतकी शक्ती साठवते. बैठे काम करणाऱ्याच्या हातावर मात्र ते अपुरे भरू शकते. बंद पडलेले स्वयंचलित घड्याळ जोरजोराने हलवून सुरू करण्याची पद्धत योग्य नाही. ज्यांना हाताने चावी देता येते त्यांना २० ते ३० फेरे देऊन मग मनगटावर बांधावे. काही स्वयंचलित घड्याळांत हाताने चावी देण्याची सोयच नसते. ती हळुवारपणे आडवी फिरवून सुरू करावी लागतात.

## प्रमाणवेळ व नंदुरबार जिल्हा

घड्याळ कोणत्या वेळेशी जुळवायचे, हा प्रश्न आज साधा वाटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो तसा नव्हता. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेले नंदुरबार शहर सुमारे ७४°१४′ पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वी एका अंशातून फिरण्यास ४ मिनिटे घेते. त्यामुळे नंदुरबारची स्थानिक सौर वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असते.

सूर्याची दैनिक चाल वर्षभर एकसारखी नसल्याने हा फरकही बदलतो. नंदुरबारला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यास दुपारी सुमारे १२ वाजून ४७ मिनिटांनी, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२ वाजून १७ मिनिटांनी मध्यान्ही येतो. म्हणून ‘सूर्य डोक्यावर आला, म्हणजे बारा वाजले’ असे धरून लावलेले घड्याळ येथे अर्ध्या तासाहून अधिक चुकू शकते.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रास वेळेवर चालत असे. तेव्हाच्या खानदेशातील नंदुरबारची स्थानिक वेळ या रेल्वे वेळेच्या सुमारे २४ मिनिटे मागे होती. गावच्या वेळेवर लावलेल्या घड्याळावर विसंबून स्थानकावर गेलेल्या प्रवाशाची गाडी चुकण्याचा संभव असे. मुंबईत प्रमाणवेळेला विरोध झाला आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ तेथे पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती.

आज भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. मोबाइल फोनवरील वेळ किंवा आकाशवाणीचे वेळसंकेत घड्याळ जुळवण्यासाठी पुरेसे असतात. सुस्थितीतील साधे यांत्रिक घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे होणे स्वाभाविक मानले जाते. अर्धा मिनिट हा दिवसाच्या ८६,४०० सेकंदांचा केवळ ०.०३५ टक्के भाग आहे. रोज वेळ लावण्याऐवजी आठवड्यातून एकदा लावल्यास चावी ओढण्याने होणारी झीज कमी होते.

### हवामानाचा परिणाम

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. तापीचे खोरे व सातपुड्याच्या रांगा यांत विभागलेल्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर जून ते सप्टेंबर हवा दमट असते. दोन्ही ऋतूंचा घड्याळावर निरनिराळा परिणाम होतो.

तीव्र उष्णतेत तेल पातळ होते व आसांपासून दूर पसरते. मोटारीच्या काचेजवळ, दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली उन्हात घड्याळ ठेवणे म्हणूनच टाळावे. घामातील क्षार चावीभोवती साचून गंज धरतो. दिवसाच्या शेवटी घड्याळाची मागील बाजू व चावीची खोबण कोरड्या मऊ कापडाने पुसल्यास हे टळते.

पावसाळ्यात दमट हवा आत शिरते. उबदार घड्याळ एकदम गार पाण्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत आल्यास आतील बाष्प काचेवर दवासारखे जमते. काचेच्या आतून धुके दिसणे ही घड्याळजीकडे लगेच जाण्याची खूण आहे. ते आपोआप दिसेनासे झाले तरी ओलावा आतच राहतो व पोलादी भाग गंजू लागतात. घड्याळ तांदळात ठेवण्याच्या घरगुती उपायाने बंद कवचाच्या आतील पाणी निघत नाही.

नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. लाल मिरची वाळवण्याच्या पथारीवर, धान्याच्या खळ्यावर किंवा गिरणीत काम करताना हवेत बारीक भुकटी असते. अशा ठिकाणी चावी ओढू किंवा फिरवू नये. घरी येऊन हात धुऊन, घड्याळ पुसून मगच चावी द्यावी. कुदळ, हातोडा किंवा कुऱ्हाड वापरताना घड्याळ काढून ठेवणे योग्य, कारण वारंवार बसणारे धक्के बॅलन्स चक्राच्या केसाएवढ्या बारीक आसाला मोडू शकतात. जुन्या एचएमटी घड्याळांच्या तबकडीवरील ‘पॅराशॉक’ हा शब्द या आसाला दिलेल्या संरक्षणाचा आहे. ते संरक्षण अधूनमधून बसणाऱ्या धक्क्यांसाठी असते.

## भारतीय घड्याळे व सुट्या भागांचा प्रश्न

स्वातंत्र्यापूर्वी व नंतरची काही वर्षे भारतात प्रामुख्याने स्विस घड्याळे विकली जात. वेस्ट एंड व फेवर-ल्युबा ही नावे मुंबईच्या बाजारपेठेतून देशभर परिचित झाली. हिंदुस्थान मशिन टूल्स म्हणजेच एचएमटी या कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. पहिल्या घड्याळांचे अनावरण पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढे तुमकूर, श्रीनगर व राणीबाग येथेही कंपनीचे कारखाने उभे राहिले.

हाताने चावी देण्याची ‘जनता’, ‘पायलट’ व ‘सोना’ आणि स्वयंचलित ‘कांचन’ ही या कंपनीची लोकप्रिय घड्याळे होती. ‘जनता’ घड्याळाच्या काही तबकड्यांवर नाव व अंक देवनागरीत असत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटन कंपनीने क्वार्ट्‌झ घड्याळांवर भर दिला आणि बाजारपेठ झपाट्याने बदलली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली.

त्यानंतर दुरुस्तीसाठी लागणारे भाग बहुधा जुन्या शिल्लक साठ्यातून किंवा दुसऱ्या निकामी घड्याळातून मिळवावे लागतात. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याचे कवच व नव्याने रंगवलेली तबकडी जोडून केलेली घड्याळेही विकली जातात. संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मूळ तबकडी व मूळ यंत्र शाबूत असलेल्या घड्याळाचे महत्त्व यामुळे वाढले आहे. घरातील जुने घड्याळ दुरुस्तीस देताना मूळ तबकडी पुन्हा रंगवू नये व बदललेले जुने भाग परत द्यावेत, असे स्पष्ट सांगणे हिताचे असते.

## बिघाडाची लक्षणे

* चावी विरोधाशिवाय फिरत राहते: हाताने चावी देण्याच्या घड्याळात मुख्य कमान तुटली असण्याचा संभव.
* चावी देताना ती उलट उसळते: खिटी किंवा तिची कमान झिजलेली.
* पूर्ण चावी देऊनही घड्याळ २४ तास चालत नाही: तेल सुकलेले किंवा कमान कमजोर.
* घड्याळ अचानक दिवसाला अनेक मिनिटे पुढे जाते: केशकमान चुंबकित झाली असणे शक्य. ध्वनिवर्धक, चुंबकाची पर्स व फोनचे आवरण यांपासून घड्याळ दूर ठेवावे. घड्याळजीकडील साधनाने चुंबकत्व काही क्षणांत काढता येते.
* सेकंदकाटा चालतो, पण वेळ मागे पडते: मिनिटकाट्याच्या नळीची पकड सैल.
* चावी ओढताच हातात येते: दांडी निसटलेली किंवा तुटलेली. अशा वेळी ती जबरदस्तीने आत ढकलू नये.

घड्याळ व्यवस्थित चालत असले, तरी साधारण ४ ते ५ वर्षांनी ते पूर्ण उघडून स्वच्छ करणे व नवे तेल देणे इष्ट मानले जाते. सुकलेल्या तेलावर चालणारे घड्याळ लगेच बंद पडेलच असे नाही, पण त्याचे आस झिजत राहतात. कपाटात अनेक वर्षे पडून असलेल्या घड्याळाला एकदम पूर्ण चावी देऊन ते दिवसेंदिवस चालवण्यापूर्वी त्याची साफसफाई करून घ्यावी. वापरात नसलेले, परंतु सुस्थितीतील घड्याळ थांबलेले ठेवण्याने हानी होत नाही. महिन्यातून एकदा चावी देऊन ते चालवण्याची प्रथा आहे. ते कोरड्या जागी, मऊ कापडात व डांबराच्या गोळ्यांपासून दूर ठेवावे.

## हे सुद्धा पहा

* घड्याळ
* भारतीय प्रमाणवेळ
* क्वार्ट्‌झ घड्याळ
* एचएमटी
* नंदुरबार जिल्हा